बारा पानांचं आयर्लंड

मी आयर्लंडला कधीही गेलेलो नाही, आणि तरीही माझ्या होणाऱ्या सुनेला, माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून मी सांगितलं की तो देश मी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलोय.

माझी बाजू फारशी नाही, पण आहे तेवढी सांगतो. दुबईत मी ज्या कंपनीत आहे ती खाण्यापिण्याचा माल आयात करते, आणि माझ्या वाट्याला लोणी आलेलं आहे. आयरिश लोणी. जबल अलीच्या बंदराला कंटेनर लागला की कस्टम्सचे कागद, थंडाव्याचं सर्टिफिकेट, गोडाऊनला फोन, ड्रायव्हरला "यल्ला, यल्ला" म्हणून पिटाळणं, हे सगळं मी करतो. इतकी वर्षं तो माल हाताखालून गेल्यावर माणसाला वाटायला लागतं की त्या गायींशी आपली घरोब्याची ओळख आहे. त्यात तिकडचा सप्लायर दरवर्षी भिंतीवरचं कॅलेंडर पाठवतो. बारा महिने, बारा प्रांत. वर तिथला डोंगर नाहीतर किनारा, खाली तिथला एखादा पदार्थ आणि चार ओळी माहिती. माझ्या टेबलासमोर खिडकी आहे, पण तिच्यातून पार्किंग दिसतं. म्हणून मी कॅलेंडर बघतो. एकदा त्या सप्लायरने आमच्यातल्या एकाला खरोखरच तिकडे फिरायला बोलावलं होतं. माझं नाव गेलंही होतं. मग साहेब गेले. येताना त्यांनी माझ्यासाठी फ्रिजवर चिकटवायचं एक मेंढरू आणलं.

सगळा घात त्या मेंढराने केला.

मुलाने तिला पहिल्यांदा करामाच्या आमच्या फ्लॅटवर आणलं तेव्हाची गोष्ट. मुलगा फुजैराला असतो, बंदरात जहाजांना तेल भरून देणाऱ्या कंपनीत. मुलगी आयरिश, दुबईतल्या एका शाळेत लहान मुलांना शिकवते. दोघं कुठे भेटली ते मला अजून नीट सांगण्यात आलेलं नाही. विचारलं की "डॅड, ड्रॉप इट" असं उत्तर मिळतं. ठिपक्याठिपक्यांच्या नाकाची, हडकुळी, बोलताना मान खाली घालणारी पोर. ती पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजसमोर थबकली. मेंढराच्या पोटावर तिच्या भागाचं नाव होतं. डोनेगल.

"हे... हे कुठून आलं?"

जिभेवर खरं उत्तर होतं. साहेबांनी आणलं, एवढंच. पण तिचा चेहरा असा काही उजळला होता, की कित्येक दिवसांत तिच्या गावचं नाव घेणारं कुणी भेटलं नसावं. मी म्हणालो, "मीच आणलं. गेलो होतो ना."

खोटं बोलणं ही एक गोष्ट असते आणि तपशिलात खोटं बोलणं ही दुसरी. मला पहिली येत नाही, थेट दुसरीच येते. तिने विचारलं, काय काय खाल्लंत? मी जानेवारीपासून सुरुवात केली. वॉटरफर्डचा ब्ला, म्हणजे वरून पीठ भुरभुरलेला मऊ पाव. केरीची मटणाची पाय, म्हणजे आत मटण भरून भाजलेली कचोरीच. लीट्रिमचं बॉक्स्टी, किसलेल्या बटाट्याचं. गॉलवेची कालवं, लिंबू पिळून, समुद्राच्या पाण्यासकट. डब्लिनचं कॉडल, सॉसेज आणि बटाट्याचा पातळ रस्सा. उत्तरेकडचं चँप, कुस्करलेला बटाटा, त्यात कांद्याची पात आणि मधोमध लोण्याचं तळं. मला अडवायला कुणी नसलं की मी वर्ष पुरं करतो. नोव्हेंबरला डोनेगल आलं. समुद्रातलं शेवाळ दुधात शिजवून केलेली खीर.

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझी आई करते ती. घसा धरला की."

माझा मुलगा माझ्याकडे बघत होता. माझी बायको माझ्याकडे बघत होती. मी कुणाकडेच बघत नव्हतो.

तिने तिथल्या तिथे बापाला फोन लावला. ट्रॅक्टर सुरू व्हावा तसा आवाज. त्याने एवढंच विचारलं, "आमच्याकडे कुठल्या रस्त्याने आलात? डोंगरावरून, की समुद्राच्या कडेने?"

"समुद्राच्या कडेने," मी म्हणालो. "ब्युटिफुल."

पलीकडून "बरं" एवढंच. मला वाटलं, लाइन खराब आहे.

*

या वर्षी, तिकडे त्यांच्या मेंढ्या व्यायच्या आधी, तिचे आईवडील इकडे आठवडाभर येणार असं कळलं. शनिवारी दुपारी आमच्याकडे जेवण. मला आनंद झाला, हे मी नमूद करतो, कारण त्यानंतर मला आनंद झाल्याची नोंद नाही. मी जाहीर करून टाकलं की त्या दिवशी टेबलावर अख्खं आयर्लंड मांडायचं. प्रांतागणिक. पाहुणे जेवता जेवता आपल्याच देशाची सहल करतील.

"आणि आपलं काय करायचं?" बायकोने विचारलं.

"आपलं काही नाही. त्या दिवशी फक्त आयर्लंड."

शेवाळाची अडचण होती. दुबईत ते कुठे मिळतं कुणालाच माहीत नव्हतं, डेऱ्याच्या मासळी बाजारात विचारलं तर मासेवाला म्हणाला, "साब, मछली लेना है तो लो, कचरा क्यों?" मग मला सुचलं की फुजैराला समुद्र आहे, समुद्र आहे तिथे शेवाळ आहे, आणि दोन्ही समुद्र शेवटी एकमेकांना मिळतात. शुक्रवारी अर्ध्या दिवसाने ऑफिस सुटल्यावर बस पकडून गेलो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खडकांवरून शेवाळ ओरबाडलं. लांबवर तेलाची जहाजं रांगेने उभी होती. पिशवी भरली. मुलगा कामावरून आला, त्याने मला त्या अवस्थेत बघितलं, आणि गाडीचं दार उघडलं.

दुबईला परतताना डोंगर लागतात. कॅलेंडरातले डोंगर हिरवे असतात. आमचे हे फुजैराचे डोंगर करपलेल्या भाकरीसारखे. बोगद्यातून बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, ऐका."

मी घाबरलो. हा पोरगा इथेच जन्मला, इथेच वाढला. आम्ही मराठीत विचारायचं, त्याने इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, हा आमच्या घरचा रिवाज. बाबा म्हणून मराठीत तो आयुष्यात मोजक्या वेळा बोललाय, आणि त्या प्रत्येक वेळी कुणीतरी दवाखान्यात होतं.

"तिच्या डॅडनी हो म्हटलेलं नाहीये. एकुलती एक आहे ती. ते म्हणाले, त्या लोकांच्या घरी बसल्याशिवाय मी काही बोलणार नाही. आणि ती त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाही, बाबा. तिने मला सांगितलंय. ते नाही म्हणाले तर खलास."

मला वाटायचं, मुलीच्या बापाने मुलाचं घर बघायला यायचं हे आपल्याकडेच असतं.

"मग मी खरं सांगून टाकू का? की मी गेलो नव्हतो?"

"आता?" त्याने स्टीअरिंगवर हात आपटला. "ते कधी विमानात बसले नव्हते. यायलाच तयार नव्हते. तिने काय सांगून तयार केलं माहितीय? की तो माणूस एवढ्या लांबून येऊन आपलं गाव बघून गेला, तुम्ही त्याचं घर बघायला नको?"

पुढचा सगळा रस्ता पिशवीतल्या शेवाळाचा वास येत राहिला. खाली ठेवली तरी, मागे ठेवली तरी.

घरी बायकोने पिशवी उघडली आणि नाकाला पदर लावला. "अहो, हे काय? याला जहाजाचा वास येतोय."

"शिजलं की जाईल."

शिजल्यावर तो फक्त घरात राहिला नाही, जिन्यात गेला. बिल्डिंगचा वॉचमन वर आला. "साब, गॅस लीक है क्या?" बायकोने पातेलं, दूध आणि माझा नोव्हेंबर एकत्रच कचऱ्यात ओतलं.

*

राहिले अकरा महिने. सकाळपासून आम्ही दोघं स्वयंपाकघरात एकमेकांच्या पायांत येत होतो. डब्लिनच्या कॉडलमध्ये डुकराचं मांस असतं, ते आमच्या घरात येत नाही, म्हणून चिकनची सॉसेजेस घातली. ती पाण्यात शिजून बोटांसारखी दिसायला लागली. कालवं महाग आणि भरवशाची नव्हती, म्हणून फ्रोजन शिंपले. ब्लासाठी खालच्या बेकरीतून लादीपाव आणला आणि वरून गाळणीने मैदा भुरभुरला. सोडा ब्रेडसाठी ताक हवं होतं. बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, लबानची, इथल्या ताकाची, बाटली आणली, पण ब्रेड फुगायच्या ऐवजी बसला. त्याच्यावर बोट वाजवलं तर दारावर कुणी आलंय असं वाटत होतं.

"बटाटा, बटाटा आणि वर बटाटा," बायको म्हणाली. "उपास आहे का त्यांचा?"

बॉक्स्टी मात्र तिने हातात घेतलं. कच्चा किसलेला बटाटा, उकडलेला बटाटा, पीठ, ताक. तिने भिड्यावर पहिलं टाकलं, कड सुटली तसं उलथन्याने परतलं, आणि म्हणाली, "घावन आहे हे. एवढ्या लांब कशाला गेलात?"

"मी कुठे गेलो होतो?"

"तेच म्हणते मी."

मग मी तिला नियम सांगितला. आता इथे माझ्या दुसऱ्या मूर्खपणाचा उगम आहे, आणि तोही अभ्यासपूर्वक केलेला आहे. मागे ऑफिसच्या दिवाळीत मी एका गोऱ्या ऑडिटरच्या बशीत तिसरा गुलाबजाम घातला होता, तो हात जोडून नको म्हणत असताना. दुसऱ्या दिवशी एचआरने मला वेगवेगळ्या देशांच्या रीतींवरच्या ट्रेनिंगला बसवलं. तिथे शिकवलं की पाश्चात्त्य माणूस नाही म्हणाला की नाही. परत विचारणं म्हणजे त्याच्या मताचा अपमान. मी ते मनाला लावून घेतलं.

"एकदाच विचारायचं," मी बायकोला सांगितलं. "नो म्हणाले की ताट मागे. आग्रह नाही. अजून थोडं नाही. माझी शपथ नाही. काही नाही."

"एकदाच? मग ते जेवणार कधी?"

"त्यांच्यात एकदाच विचारतात आणि एकदाच हो म्हणतात."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मी जाऊन आलोय."

हे मी बायकोला म्हणालो. बायकोला! तिने उलथनं ओट्यावर ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की या वयात नवऱ्याचं डोकं फिरलं तर व्हिसा कुणाच्या नावावर करायचा.

*

ते आले. व्याही उंच, मान भाजलेल्या विटेच्या रंगाची, अंगात लोकरीचा सूट, हात फावड्यांसारखे. विहीणबाई बारीकशा, छातीशी एक डबा घट्ट धरून. डब्यात फळांचा केक होता, आणि कागदात गुंडाळलेलं सुकवलेलं शेवाळ.

"तुम्हाला आमच्याकडे आवडलं होतं म्हणे," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणून आणलं."

मी थँक्यू म्हणालो. कानांच्या पाळ्यांपर्यंत गरम झालो.

"चहा घेणार?" मी विचारलं.

"छे छे, नको. उगाच त्रास."

"ओके," मी म्हणालो आणि स्वयंपाकघराकडे बघून हात हलवला. आत गॅस बंद झाल्याचा आवाज आला. मला स्वतःचं कौतुक वाटलं. मुलीने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि परत खाली घातली.

टेबलावर बसलो. मी एकेक भांडं हातात घेऊन उभा राहायचो आणि माहिती सांगायचो. "हे आपलं केरी. डोंगराळ भाग. मेंढपाळ लोक शेतावर जाताना ही पाय खिशात घेऊन जायचे. घेणार?"

"नको, नको. आम्ही ठीक आहोत."

"ओके." केरी परत गेलं.

"हे डब्लिन. घेणार?" "नको हो, राहू द्या." "ओके." डब्लिनच्या बाबतीत मी त्यांना दोष देत नाही. पण गॉलवे गेलं. लीट्रिम गेलं, ते गरम गरम, कड कुरकुरीत, बायकोच्या हातचं. उत्तरेकडचं चँप आणलं तेव्हा लोणी मधोमध वितळत होतं, आमच्याच कंटेनरमधलं लोणी, आणि व्याह्यांनी नको म्हणताना आवंढा गिळला. मी ते उचलून नेलं तशी त्यांची नजर माझ्या हाताबरोबर स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, किनाऱ्यावरच्या माणसाची बंदर सोडणाऱ्या जहाजामागे जाते तशी.

मुलगा आणि मुलगी यांनी पाहुण्यांच्या आधी घेणं बरं नव्हे म्हणून घेतलं नव्हतं. मी यजमान म्हणून घेतलं नव्हतं. सगळ्यांची ताटं स्वच्छ. टेबलाच्या मधोमध फक्त सोडा ब्रेड, कारण तो उचलायचा कुणाला धीर होत नव्हता.

मी ओळखलं. म्हणजे मला वाटलं, मी ओळखलं. हे खोटं आयर्लंड आहे हे त्यांनी वासावरूनच ताडलं होतं. ब्ला म्हणजे नुसता लादीपाव आहे, सॉसेज कोंबडीचं आहे, आणि या माणसाने त्यांच्या देशाचा नकाशाही लांबून बघितलेला नाही. गाडीतला मुलाचा आवाज कानात होता. बाबा, खलास. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी निसर्गवर्णन सुरू केलं.

"तुमच्याकडचा तो किनाऱ्याचा रस्ता," मी म्हणालो, "अजून डोळ्यांसमोर आहे. उजवीकडे समुद्र, डावीकडे दगडी बांध, बांधाआड मेंढ्या. वारा असा की टोपी राहत नाही."

"समुद्र उजवीकडे?" व्याह्यांनी विचारलं.

"उजवीकडे."

त्यांनी काटा उचलला, त्याच्याकडे बघितलं, खाली ठेवला. विहीणबाई टेबलक्लॉथवरची सुरकुती सरळ करत होत्या. मुलीचे कान लाल झाले होते. माझा मुलगा उठला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. त्याची मान मागून अगदी लहानपणीसारखी दिसते. शाळेच्या बसची वाट बघताना असाच उभा राहायचा.

मी वाऱ्याचं परत एकदा सांगितलं. मग ढगांचं सांगितलं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी पार्क करताना दुसऱ्याला हिंदीत शिव्या देत होतं, त्या सगळ्या स्पष्ट ऐकू येत होत्या.

शेवटी विहीणबाईंनी स्वेटरची बटणं लावली. "आम्ही निघतो आता. तुम्हाला फार दमवलं."

"इतक्यात?" मी विचारलं.

"हो."

आता बघा. त्या क्षणी काहीही म्हणता आलं असतं. बसा हो. निदान केक कापू. पाया पडतो, माझ्या पोराचं वाटोळं करू नका. पण नियम म्हणजे नियम. मी उठलो, खुर्ची मागे सरकवली आणि म्हणालो, "ओके."

ते दोघं उभे राहिले. मुलगी उभी राहिली आणि रडायलाच लागली, आवाज न करता.

तेवढ्यात माझी बायको बाहेर आली. डाव्या हातात भाताचं पातेलं, फडक्यात धरलेलं. उजव्या हातात सुरमईचं कालवण, आणि त्यात डाव. माझ्या बंदीला न जुमानता तिने ते मागच्या शेगडीवर कधी केलं ते तिलाच माहीत. तिला इंग्लिश कामापुरतं येतं, आणि हे काम तिच्या मते इंग्लिशचं नव्हतं.

"ऐसे कैसे जाएगा?" तिने व्याह्यांना विचारलं. "बैठो."

"नो, नो, रिअली..."

"बैठो बोला ना." कोपराने तिने विहीणबाईंचा खांदा दाबला. त्या बसल्या. बायकोने पातेली टेबलावर टेकवली आणि भात वाढला.

"अगं, त्या नको म्हणतायत!" मी ओरडलो.

"म्हणू दे की. तोंड आहे, म्हणणारच." आणि भातावर कालवण. "नो, नो, बास," असं म्हणत विहीणबाईंनी ताट पुढे केलं. पुढे! मी डोळ्यांनी बघितलं. व्याह्यांनी दोन्ही फावडी ताटावर आडवी धरली. आमच्या रत्नागिरीकडे ताटावर हात धरला की वाढणाऱ्याने बोटांच्या फटीतून वाढायचं असतं. बायकोने फट शोधली. तुकडी नेमकी आत पडली, रस्सा त्यांच्या अंगठ्यावर सांडला. त्यांनी अंगठा चोखला. आणि मग तो माणूस जेवायला लागला.

तसं जेवताना मी बऱ्याच दिवसांत कुणाला बघितलं नव्हतं. बायको आत गेली आणि एकेक प्रांत परत घेऊन आली. लीट्रिम आलं, केरी आलं, चँप गरम करून आलं. दर खेपेला ते नको म्हणायचे, ती वाढायची, ते खायचे. "भाई, आप तो कुछ खाया ही नहीं," ती म्हणायची. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं आणि सगळं कळत होतं. मुलगी एका डोळ्याने रडत होती आणि एका डोळ्याने हसत होती.

"काय चाललंय?" मी तिला विचारलं. "मगाशी तर नको म्हणाले होते."

"अंकल," ती नाक पुसत म्हणाली, "तुम्ही एकदाच विचारलंत! आमच्याकडे एकदा विचारल्यावर कोण हो म्हणतं? तीनदा विचारावं लागतं. तुम्ही चहासुद्धा नेलात परत. सकाळपासून उपाशी आहेत ते, इथे जेवायचं म्हणून. मला वाटलं, तुम्हाला आम्ही नको आहोत."

विहीणबाईंनी चमचा खाली ठेवला. आल्यापासून पहिल्यांदा त्या सलग बोलल्या.

"पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. घरात काही नसलं तर त्या बाईची अब्रू राहते. दुसऱ्यांदा विचारलं तरी नको. तिसऱ्यांदा विचारते म्हणजे समजायचं, खरंच आहे घरात. माझ्या आजीने शिकवलं, तिला तिच्या आजीने. आमच्याकडे एके काळी जमिनीतले बटाटे कुजले होते. माणसं रस्त्याच्या कडेला मेली. तेव्हापासून असेल, किंवा त्याच्याही आधीपासून. ठाऊक नाही."

मी कॅलेंडरातला एकही महिना असा वाचला नव्हता. मी ते सगळं बायकोला मराठीत सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. "मग यात नवीन काय सांगतायत त्या?" ती म्हणाली, आणि विहीणबाईंना अजून भात वाढला.

खरंच होतं. आमच्या आळीत कुणाकडे गेलं तर पहिल्यांदा हो म्हणणाऱ्या पोराच्या मांडीला आईचा चिमटा बसायचा. मला बसलेत. ते विसरायला मला एक ट्रेनिंग पुरलं.

मुलगा बाल्कनीतून आत आला होता आणि दारात उभा होता. यायचं की नाही ते त्याला कळत नव्हतं. व्याह्यांनी लादीपाव उचलला, वरचा मैदा झटकला आणि त्याने ताटातला रस्सा पुसून घेतला.

"हा तुमचा ब्ला चांगला आहे," ते मला म्हणाले. "मी वॉटरफर्डला कधी गेलो नाही."

"असं?"

"तुम्हीही नाही."

मी सुरी घेऊन सोडा ब्रेड कापायला लागलो.

"किनाऱ्याचा रस्ता माझ्या वडिलांच्या वेळी समुद्रात गेला. फोनवरच कळलं मला."

"मग... मग तुम्ही आलात कसे?"

"हिची आई म्हणाली, पोरीला बरं वाटावं म्हणून जो एवढं खोटं बोलतो, त्याच्याकडे जाऊन तर बघू." त्यांनी पावाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि ताट पुसल्यासारखं स्वच्छ केलं. "मग इथे बसलो, आणि मला वाटलं की तिचं चुकलं."

बायको मागे डाव घेऊन उभी होती. "क्या बोलता है?" तिने मुलाला विचारलं. त्याचं सगळं लक्ष त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे होतं. मुलीने त्याचा हात धरला होता, उघड, आमच्या सगळ्यांसमोर.

व्याह्यांनी ताटावर परत हात आडवा धरला, बोटांत पुरेशी फट ठेवून. बायकोने वाढलं. मग ते मुलीकडे वळले आणि डोक्याने माझ्याकडे खूण करत म्हणाले, "करा लग्न. पण पंगतीत वाढायला ह्या माणसाला उभं करू नका, आमचं अख्खं गाव उपाशी मरेल."